देवरावांनी तोरणाखाली घालवलेली क्रेन

देवराव भोयरांचं तोंड बंद असतं ते फक्त दाढ दुखते तेव्हा, असं आमच्या मोहाझरीत म्हणायचे. आता म्हणत नाहीत. आता माणूस दाढ न दुखताही गप्प असतो, आणि त्यांच्या घराला माझ्या घराची भिंत लागून असल्यामुळे ते गप्प राहणं मला दिवसभर ऐकू येतं.

भोयर भाऊजींचं सगळं चांगलं होतं हो. शेत आहे, कपाशी-तूर पिकते, खिलारी बैलजोडी आहे, विमलताईसारखी बायको आहे, जिनं या माणसाचं बोलणं इतकी वर्षं ऐकून घेतलं. मी एकदा विमलताईला म्हटलं, "तुमाले कंटाळा नाही येत का व?" तर म्हणते कशी, "रेडिओ बंद केला का घर सुनं वाटते, बाई." बँकेत पैसे काढायला गेले तर भाऊजी कॅशियरवर यमक जुळवून येत. लग्नात आहेर देताना नवरदेवाच्या मामावर. मयतीला तेवढे गप्प राहत, तेही स्मशानापर्यंत. परतीच्या वाटेवर सुरू.

पण त्यांचा खरा दिवस म्हणजे पोळा. गावाबाहेर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्याखाली झूल पांघरलेल्या, शिंगं रंगवलेल्या जोड्या रांगेत उभ्या राहतात, आणि तोरण तुटायच्या आधी डफडं थांबवून झडत्या होतात. झडती म्हणजे दुसऱ्याला यमकात काढलेला चिमटा. एकानं म्हणायची, दुसऱ्यानं तिथल्या तिथं उत्तर द्यायचं, आणि प्रत्येक झडतीनंतर सगळ्या गावानं "हर हर महादेव" करायचं. त्या दिवशी कोणी कोणाला काहीही म्हणो, रागवायचं नाही. सरपंचाला म्हणा, सावकाराला म्हणा, जावयाला म्हणा. रागावला तो हरला. या खेळात भाऊजींना जोड एकच, वरच्या आळीतले बापूजी गावंडे. वयानं मोठे, दात थोडे, पण होते तेवढे सगळे धारदार.

आता क्रेनचं सांगते.

यवतमाळ शहर वाढत वाढत आमच्या शिवाराला येऊन टेकलं, आणि टेकलं तिथंच मोठ्या हॉस्पिटलचं काम निघालं. इतकी मोठी इमारत गावानं टीव्हीतच पाहिली होती. लोखंड आलं, गिट्टी आली, परप्रांतातले कामगार आले, आणि एक दिवस पिवळी उंच क्रेन उभी राहिली. विमलताईच्या गच्चीवरून ती अशी दिसे, की वाळत घातलेले पापड आता उचलते की काय. मीही तेव्हाच फाटकासमोर तर्री-पोह्याची गाडी लावली. सगळ्या मोहाझरीत या कामावर पहिली स्थानिक भरती माझीच झाली म्हणायची, तीही बिनट्रेनिंगची.

कंपनीला अट होती की गावातल्या पोरापोरींना ट्रेनिंग द्यायचं आणि मग कामावर घ्यायचं. सळई बांधणं, सेंट्रिंग, वायरिंग, आणि ज्यांना जमेल त्यांना क्रेन. ते बघायला पूनमसिंग राठोड नावाचा पोरगा नेमला होता. दिग्रसकडच्या तांड्यावरचा, डिप्लोमा झालेला, बोलायला गोड. माझ्या गाडीवर यायचा, "काकू, तर्री जरा जास्त" म्हणायचा आणि मग पाणी मागायचा.

भोयरांची अर्पिता आयटीआय झालेली. इलेक्ट्रिशियन. पोरगी बापाच्या उलट, मोजून बोलणारी. पण क्रेन उभी राहिली त्या दिवसापासून तिची मान वरच. मी विचारलं, "अर्पिता, वर काय पाहत राह्यतं व, कोणी राजकुमार बसला काय तिथं?" तर म्हणाली, "काकू, तो जो वर बसला आहे ना, तो डावीकडे फिरवताना झटका देते. तसं नाही करायले पाह्यजे." मी म्हटलं, घ्या! आमच्या घरी मिक्सर लावताना माझा हात कापतो आणि ही क्रेनच्या चुका काढते.

पहिल्या बॅचला अर्पिताचा नंबर लागला नाही. तिची मैत्रीण प्रेरणा लागली. दुसऱ्या बॅचला पूनमसिंगनं अर्पिताला सांगून ठेवलं, तुझं पक्कं. भाऊजी तेव्हा गावभर फुगून फिरत. माझ्या गाडीवर येऊन म्हणत, "वहिनी, आता लोकं म्हणतीन, देवरावची जीभ आभायाले लागली. पन जीभ नाही, पोरगी लागली!" आणि फुकटचे पोहे खाऊन जात.

आता मधली गोष्ट. ही मला विमलताईनं भिंतीवरून सांगितली, तेही सगळं होऊन गेल्यावर.

पोळ्याच्या आदल्या रात्री, बैलांचे खांदे हळद-तुपानं मळून झाल्यावर, भोयरांच्या घरी जेवायला बसले. भाऊजींनी विचारलं, "तुयी प्रेरणा काय म्हणते? चढली का क्रेनवर?" अर्पितानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, सांगतो, पन बाहेर नका सांगू." आणि सांगितलं. पहिल्या बॅचला पिवळे हेल्मेट दिले, बूट दिले, क्रेनजवळ उभं करून फोटो काढले. फोटो झाल्यावर मशीनला हात लावू दिला नाही. पोरं नाल्या खोदून राहिली, पोरी सिमेंटच्या गोण्या मोजून राहिल्या, चहा देऊन राहिल्या. पूनमसिंग यावरून वरच्यांशी भांडतो आहे. त्यानं शब्द आणला आहे की दुसऱ्या बॅचला खरोखर मशीनवर चढवायचं, आधी अर्पितालाच. "फक्त गवगवा नको, म्हणे. गवगवा झाला का ते लोक अंग काढून घेतात. म्हणून म्हणतो बाबा, माया नंबर लागू द्या आधी."

"मी काय येडा हावो काय?" भाऊजी म्हणाले.

विमलताई म्हणते, त्यांनी हे म्हणताना भाताचा घास हातात तसाच ठेवला होता आणि ओठ हलत होते. तिला तेव्हाच कळायला हवं होतं. यमक जुळत असलं की त्यांचे ओठ असेच हलतात.

दुसऱ्या दिवशी पोळा. सरपंचांनी कंपनीच्या बड्या साहेबांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. साहेब कुठल्या दूरच्या प्रांतातले, फेटा बांधून खुर्चीत बसले, शेजारी पूनमसिंग. बैल मस्त सजले होते, डफडं तापलं होतं, गावातला सोनू मोबाईल वर धरून उभा होता, कारण आता मोबाईल वर धरल्याशिवाय पोळाच भरत नाही.

बापूजींनी सुरुवात केली. थेट भाऊजींवरच.

"आंबाडीच्या भाजीत टाकली कणी,
देवरावच्या बैलाले पाजे ना पाणी,
बैल म्हणे मालका, तू लय गुणी,
तोंड चाले तुयं, नांगर ओढे कोणी?"

हर हर महादेव झालं. लोक असे हसले, की बापूजींच्याच बैलानं दचकून झूल पाडली. आता भाऊजींची पाळी. त्यांनी एक झडती म्हटली, बापूजींच्या दातांवर. बरी होती. दुसरी म्हटली, वरच्या आळीच्या नळावर. तीही बरी. पण बरीनं काय होते? बापूजींनी हात हलवला, जसा माशी हाकलतात तसा, आणि म्हणाले, "देवराव, म्हातारा झाला रे तू. यंदा तोरण मायं."

मी तिथंच होते. भाऊजींचा चेहरा मी पाहिला. एकदा त्यांनी बापूजींकडे पाहिलं, एकदा खुर्चीतल्या साहेबांकडे. अर्पिता बायकांच्या घोळक्यात माझ्या बाजूला उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मग त्यांनी डफडंवाल्याला थांबवलं, आणि त्यांचे ओठ हलायचे थांबले.

"हेलमेट देल्लं पिवळं, बूट देल्ले काळे,
फोटोपुरते क्रेनपाशी आपले पोट्टे भोळे,
फोटो झाला, साहेब गेला, मशिनीले टाळे,
शिकाले गेले क्रेन, अन् खंदून राह्यले नाले!"

मग जे हर हर महादेव झालं, ते यवतमाळच्या बसस्टँडपर्यंत गेलं असेल. पहिल्या बॅचची पोरं तर नाचायलाच लागली. आम्ही सगळे हसलो, मी सर्वांत जास्त, कारण माझं हसणं तसंही मोठंच आहे. साहेबांनी पूनमसिंगला विचारलं, काय म्हणाले? पूनमसिंगनं वाकून काहीतरी सांगितलं. साहेबही हसले, टाळ्या वाजवल्या. बापूजींनी खाली वाकून भाऊजींच्या बैलांच्या पाया पडून हार मानली. तोरण भाऊजींच्या जोडीनं तोडलं.

मी हसत हसत बाजूला पाहिलं तर अर्पिता नव्हती.

संध्याकाळी बैल घरोघर पूजेला फिरले. भाऊजी दारोदारी बोजाऱ्याचे, म्हणजे बैलांच्या ओवाळणीचे पैसे घेत, मानानं छाती काढून आले. घरी पोचले तर अर्पितानं बैलांच्या पायावर पाणी घातलं, ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. बापाला ओवाळलं नाही. म्हणाली, "जिंकले ना बाबा? तेवढंच पाह्यजे होतं तुमाले." आवाज चढवून नाही. चढवला असता तर मला भिंतीशी कान लावावा लागला नसता.

सोनूच्या मोबाईलमधली झडती दोन दिवसांत नेर, वणी, उमरखेड करत जिल्हाभर फिरली. लोकांनी खाली हसणारे चेहरे टाकले. मग ज्यांना हसता येत नाही ते आले. एका पुढाऱ्याला भूमिपुत्र आठवले. फाटकावर झेंडे, घोषणा, माझ्या गाडीवर दुपारपर्यंत पोहे संपले. भाऊजींना हार घातला, माईक दिला. ते झडती पुन्हा म्हणाले, पण या वेळी त्यात जोर नव्हता. पुढारी फोटो काढून गेला आणि पुन्हा आला नाही.

पंधरवड्यानं फाटकावर सूचना लागली की ट्रेनिंग पुढील आदेशापर्यंत बंद. पूनमसिंगची बदली झाली. जायच्या दिवशी तो गाडीवर आला, तर्री कमी घातली तरी तशीच खाल्ली. भाऊजी धावत आले.

"पूनमसिंग, बाप्पा, मायामुळं झालं काय रे हे?"

"काका, तुमी खोटं नाही बोलले."

"मी ते नाही विचारून राह्यलो."

पूनमसिंगनं हात धुतले, रुमालानं पुसले. "मले खरंच माहीत नाही काका. पन अजून थोडे दिवस थांबले असते तर मी तिले वर चढवली असती." आणि बॅग उचलून गेला.

तेव्हापासून भाऊजींचा रेडिओ बंद पडला. अर्पिता नेरला मोटार रिवायंडिंगच्या दुकानात लागली, सकाळच्या एसटीनं जाई, अंधार पडता पडता येई. दुकानदार म्हणे तिच्या हाताची मोटार परत येत नाही. आली की आईशी बोले, माझ्याशी बोले. बापाला "ताट वाढलं" एवढं सांगे.

मग भाऊजींनी काय करावं? त्यांनी शेत पुतण्याला बटाईनं, अर्ध्या वाट्यावर दिलं आणि कंपनीच्या फाटकावर गार्ड म्हणून लागले! निळा सदरा, शिट्टी, हातात लाल-हिरवी झेंडी, आत येणाऱ्या ट्रकना वाट दाखवायची. मी हसून हसून मेले. म्हटलं, "भाऊजी, लोकल भरती शेवटी तुमचीच झाली. ट्रेनिंग घेतलं का झेंडीचं?"

ते हसले नाहीत. म्हणाले, "वहिनी, साहेबाची गाडी रोज येथूनच जाते. रोज सलाम करतो. चेहरा वयखीचा झाला का एखाद्या दिवशी पोरीचं बोलीन."

ती वेळ यायची, रोज यायची. गाडी थांबायची, काच खाली व्हायची, साहेब "कैसे हो" म्हणायचे, भाऊजी "ठीक साब" म्हणायचे, काच वर जायची. मी पोह्याच्या गाडीवरून पाहत असायचे. ज्या माणसानं कलेक्टर कचेरीच्या शिपायावर उभ्या उभ्या चार ओळी केल्या होत्या, त्याच्या तोंडातून पोरीचं नाव निघेना. मी टोमणे मारले, चहा पाजला, एकदा तर म्हटलं, मीच बोलते. तर हात जोडले. "नका वहिनी. त्याले झडती आठवली तर? आत्ता निदान सलाम तरी घेते." हिवाळा गेला, उन्हाळा गेला, पुढचा पोळा आला. बैल पुतण्यानं नेले. भाऊजींनी त्या दिवशी मुद्दाम ड्यूटी मागून घेतली.

इमारत वर गेली, काचा लागल्या, आणि परवाच्या उन्हाळ्यात क्रेन उतरवायला घेतली. सुटे भाग करून ट्रेलरवर चढवत होते. साहेब स्वतः उभे होते, मग ऊन लागलं म्हणून माझ्या गाडीच्या सावलीला आले. भाऊजी झेंडी घेऊन समोरच. काय झालं कोण जाणे, बहुधा रिकामं आभाळ पाहिलं असेल. सरळ येऊन उभे राहिले.

"साब, एक बात बोलनी थी. मेरी लडकी है. आयटीआय. उसको वो क्रेन सीखनी थी. दुसरी बॅच में उसका नंबर था. मैंने पोले में वो झडती बोली, इसलिए आपने बंद कर दिया. गलती मेरी थी साब, लडकी की नहीं."

साहेबांनी पोह्याच्या बशीतून मान वर केली. "कौन सा पोला? वो बैलों वाला?" मग हसले. "अरे, वो तो बढ़िया प्रोग्राम था. फेटा अभी भी घर पर रखा है. ट्रेनिंग तो हेड ऑफिस ने सब साइट पर बंद की थी, उसी महीने." मग चमचा पोह्यात ठेवून म्हणाले, "लेकिन भाई, क्रेन पर एक हेल्पर की जगह तो मेरे हाथ में थी. पिछले साल बाहर से लड़का बुलाना पड़ा. तुम रोज़ गेट पर खड़े थे, एक बार बोल देते."

भाऊजी "जी साब" म्हणाले. ट्रेलर वळत होता, त्याला झेंडी दाखवायला गेले. लाल दाखवायच्या जागी हिरवी दाखवली, ड्रायव्हर ओरडला.

त्या संध्याकाळी मी भांडी घासायचं काम भिंतीजवळ आणलं. खोटं कशाला बोलू.

त्यांनी अर्पिताला सगळं सांगितलं, साहेबांचं, हेड ऑफिसचं, हेल्परचं. ती ऐकून घेत होती. शेवटी म्हणाली, "बाबा, पूनमसिंगदादानं बदली झाल्यावर मले फोनवर सांगतलं होतं, झडतीमुळं नाही म्हणून."

"मंग तू मले काहून नाही सांगतलं? मी दोन वर्षं त्या फाटकावर..."

"तुमाले काही सांगावं असं वाटलंच नाही. क्रेनचं जाऊ द्या. मी तुमाले घरात बसून एक गोष्ट सांगतली होती बाबा. आपल्या ताटावर."

विमलताईनं भांडं पाडलं, बहुधा मुद्दाम. मी माझं पातेलं घासलेलंच पुन्हा घासलं.

भाऊजी अजून गार्डच आहेत, आता त्याच हॉस्पिटलच्या फाटकावर. पेशंटच्या नातेवाइकांना पार्किंग दाखवतात. कोणी जुना माणूस भेटला की म्हणतो, "देवराव, म्हणा ना एखादी." ते "गाडी तिकडे लावा" म्हणतात.

गेल्या महिन्यात विमलताई भिंतीशी आली आणि हळू आवाजात म्हणाली की अर्पिताला नागपूरच्या एका साइटवर क्रेनच्या ट्रेनिंगला घेतलं. पूनमसिंग तिथं आहे, त्यानं बोलावलं. सोमवारी जाणार. आता विमलताईनं मला सांगितलं म्हणजे मी कोणाला सांगणार हे तिला माहीत असणारच. तरी मी दुपारपर्यंत दम धरला. भाऊजी पोहे खायला आले तेव्हा राहवलं नाही.

"भाऊजी, पोरगी नागपूरले चालली म्हणे. क्रेनवर."

त्यांनी घास गिळला. त्यांना माहीत नव्हतं, हे त्यांनी बशी खाली ठेवली त्यावरूनच मला कळलं. मला वाटलं आता रडतात, किंवा धावत घरी जातात.

त्यांनी दोन्ही हात जोडले. फाटकावर साहेबाला करायचे तसा सलाम नाही, देवाला करतात तसे.

"वहिनी, तुमचं तोंड मले माहीत आहे, अन् मायं तुमाले. येवढे दिवस कोणाले नका सांगू. बापूजीले नको, सोनूले तं अजिबात नको. मले माहीत आहे हे बी तिले नका सांगू. जाऊ द्या तिले आधी. चढू द्या वर."

सोमवारी सकाळी अर्पिता निघाली तेव्हा ते ड्यूटीवर होते. नागपूरची एसटी हॉस्पिटलच्या फाटकावरूनच जाते. ती कोणत्या बाजूला बसली होती, तिनं पाहिलं की नाही, ते मी विचारलं नाही. मी, आणि न विचारता राहिले!

काल तिचा आईला फोन आला की पहिल्यांदा एकटीनं मशीन फिरवलं, झटका न देता. म्हणून आज लिहिते आहे. त्याआधी पोटात ठेवलं होतं, भोयर भाऊजींच्या शब्दाखातर. विमलताईनं ही बातमी त्यांना घरी सांगितली की नाही, कोण जाणे. मी दुपारी पोहे वाढताना सांगणार होते. ते आले, बसले, खाल्ले. मीही, पोरीनंच सांगावं म्हणून, बातमी गिळली आणि नुसती तर्री जास्त वाढली.